प्रीमियम क्रेडिट कार्डांच्या श्रेणी आणि ग्राहकाची निवड : एक आर्थिक विवेचन

प्रास्ताविक

नोकरदार मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आर्थिक व्यवहारात क्रेडिट कार्डाने गेल्या दोन-अडीच दशकांत महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. ज्या बँकेत वेतन जमा होते तीच बँक प्रथम एक साधे कार्ड देते. दोन-तीन वर्षे देयके वेळेवर भरली गेली, की 'आपण आता उच्च श्रेणीच्या कार्डास पात्र आहात' असा संदेश येतो. या टप्प्यावर बहुतेक ग्राहक दोनपैकी एका मार्गाने जातात. काहीजण कार्डाच्या नावातील प्रतिष्ठेला भुलून होकार देतात, तर काहीजण वार्षिक शुल्काचा आकडा पाहून लगेच नकार देतात. दोन्ही निर्णयांत हिशेबाचा अभाव असतो.

प्रस्तुत लेखात प्रीमियम कार्डांच्या श्रेणी कशा निर्माण झाल्या, त्यांतील लाभांचा पैसा कोठून येतो आणि कोणत्या ग्राहकाने कोणती श्रेणी निवडावी, याचे भारतातील व्यवहारपद्धतीच्या आधारे विवेचन केले आहे. श्रेणीची निवड ग्राहकाच्या उत्पन्नावरून करावयाची नसून त्याच्या नेहमीच्या खर्चावरून व देयक फेडण्याच्या सवयीवरून करावयाची असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. श्रेणींचा उगम

आधुनिक कार्डव्यवहाराची सुरुवात १९५० साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या डायनर्स क्लबपासून मानली जाते. १९५८ साली अमेरिकन एक्सप्रेसने आपले कार्ड बाजारात आणले आणि त्याच वर्षी बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँकअमेरिकार्ड सुरू केले. हेच कार्ड १९७६ पासून व्हिसा या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रारंभी कार्ड असणे हीच प्रतिष्ठेची बाब होती. तथापि कार्डधारकांची संख्या वाढत गेली तसा त्यातील वेगळेपणा उरला नाही. तो टिकविण्यासाठी कार्डांमध्येच पायऱ्या निर्माण करण्यात आल्या. अमेरिकन एक्सप्रेसने १९६६ साली गोल्ड, १९८४ साली प्लॅटिनम आणि १९९९ साली सेंच्युरियन हे काळ्या रंगाचे कार्ड आणले. धातूंच्या नावांनी कार्डांची उतरंड लावण्याची प्रथा पुढे सर्वत्र रूढ झाली.

भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ साली आले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड सुरू केले आणि उदारीकरणानंतर खासगी व परदेशी बँकांनी या क्षेत्राचा विस्तार केला. २०१२ साली रूपे हे भारतीय नेटवर्क अस्तित्वात आले.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कार्डावर प्रत्यक्षात दोन श्रेणी असतात. पहिली श्रेणी नेटवर्कची असते. व्हिसाच्या प्लॅटिनम, सिग्नेचर व इन्फिनिट, मास्टरकार्डच्या प्लॅटिनम, वर्ल्ड व वर्ल्ड एलिट, तसेच रूपेच्या प्लॅटिनम व सिलेक्ट या त्या श्रेणी होत. दुसरी श्रेणी बँकेची स्वतःची असून वार्षिक शुल्क, गुणांचा दर, शुल्कमाफीची अट यांसारख्या मुख्य बाबी तीच ठरविते. त्यामुळे दोन बँकांची 'सिग्नेचर' कार्डे लाभांच्या दृष्टीने परस्परांहून पूर्णतः भिन्न असू शकतात. एकेकाळी मोठा मान असलेले 'गोल्ड' वा 'प्लॅटिनम' हे शब्द आज अनेक बँकांच्या अगदी प्राथमिक कार्डांवरही आढळतात. केवळ नावावरून कार्डाची पायरी ओळखता येत नाही, ती अटींच्या पत्रकावरूनच ओळखावी लागते.

२. लाभांचा पैसा कोठून येतो?

बँक ग्राहकाला गुण, विमानतळावरील लाऊंजचा प्रवेश, हॉटेलांतील सवलती देते, त्या कशाच्या बळावर, हा प्रश्न निवडीपूर्वी स्वतःला विचारला पाहिजे. कार्ड देणाऱ्या बँकेच्या उत्पन्नाचे प्रमुख स्रोत तीन आहेत.

पहिला स्रोत व्यापाऱ्याकडून मिळणारा हिस्सा हा होय. ग्राहकाने दुकानात कार्डाने १,००० रुपये दिले तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही. त्यातून ठरावीक टक्के कापले जातात आणि ती रक्कम कार्ड देणारी बँक, नेटवर्क व दुकानदाराची बँक यांच्यात विभागली जाते. यातील कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा सर्वांत मोठा असतो व उच्च श्रेणीच्या कार्डांवर तो सामान्यतः अधिक असतो. दुसरा स्रोत वार्षिक शुल्क, विलंब शुल्क, परकीय चलनावरील अधिभार यांसारख्या आकारांचा आहे. तिसरा स्रोत थकबाकीवरील व्याज हा होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्ण देयक वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाला मिळणारे लाभ अंशतः व्यापाऱ्याच्या आणि अंशतः व्याज भरणाऱ्या अन्य कार्डधारकांच्या खिशातून येतात. प्रीमियम कार्डाचा खरा लाभार्थी कोण हे नावावरून न ठरता, तो या दोन गटांपैकी कोणत्या गटात मोडतो यावरून ठरते.

३. शुल्कमाफीचा उंबरठा : एक उदाहरण

बहुतेक बँका वर्षभरात ठरावीक रकमेचा खर्च कार्डाने केल्यास पुढील वर्षाचे शुल्क माफ करतात. श्रेणीच्या निवडीत हा उंबरठा निर्णायक असतो. तो समजण्यासाठी तीन कल्पित कार्डे घेऊ. 'अ' कार्डाचे वार्षिक शुल्क १,००० रुपये, शुल्कमाफीची मर्यादा १ लाख रुपये व गुणांचे मूल्य खर्चाच्या ०.८ टक्के आहे. 'ब' कार्डाचे शुल्क ३,००० रुपये, मर्यादा ४ लाख व गुणांचे मूल्य १.३ टक्के आहे. 'क' कार्डाचे शुल्क १२,५०० रुपये, मर्यादा १० लाख व गुणांचे मूल्य २.५ टक्के आहे. शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे ग्राहकाला पडणारे शुल्क अनुक्रमे १,१८०, ३,५४० व १४,७५० रुपये होते. पहिल्या वर्षीचे शुल्क सहसा द्यावेच लागते, म्हणून पुढील आकडे कार्ड घेतल्यानंतरच्या स्थिर वर्षासाठी आहेत.

तक्ता क्र. १ : वार्षिक निव्वळ लाभ (रुपयांत)

| कार्डावरील पात्र वार्षिक खर्च | अ | ब | क |
|---|---|---|---|
| २,४०,००० | १,९२० | −४२० | −८,७५० |
| ४,८०,००० | ३,८४० | ६,२४० | −२,७५० |
| १०,८०,००० | ८,६४० | १४,०४० | २७,००० |

महिन्याला २०,००० रुपये कार्डाने खर्च करणाऱ्या कुटुंबास सर्वांत साधे कार्डच फायद्याचे ठरते. ४०,००० रुपये खर्च करणाऱ्यास मधली श्रेणी योग्य ठरते. ९०,००० रुपयांच्या खर्चावरच सर्वोच्च श्रेणी आपली किंमत वसूल करून देते. मासिक ४०,००० रुपयांचा खर्च असलेल्या ग्राहकाने सर्वोच्च कार्ड घेतले, तर त्याला १२,००० रुपयांचे गुण मिळतात खरे, परंतु १४,७५० रुपये शुल्क भरून. गुणांचा आकडा मोठा दिसतो आणि तोटा मात्र शुल्काच्या ओळीत लपून राहतो.

'ब' कार्डाला उंबरठ्याची सोय नसती तर ते 'अ' कार्डापेक्षा फायद्याचे ठरण्यासाठी वर्षाला ७ लाख ८ हजार रुपये खर्च करावे लागले असते. शुल्कमाफीमुळे हा बिंदू ४ लाखांवर येतो. मात्र त्याच उंबरठ्यावर एक सापळाही असतो. वर्षअखेरीस ज्याचा खर्च ३ लाख ९० हजार झाला आहे, त्याला आणखी १०,००० रुपये खर्च केल्यास ३,५४० रुपयांचे शुल्क वाचते. पुढील महिन्यात भरावयाचाच असलेला एखादा खर्च त्याने अलीकडे घेतला तर ते शहाणपणाचे ठरते. परंतु ज्याचा खर्च ३ लाखांवर थांबला आहे त्याने शुल्क वाचविण्यासाठी १ लाखाची अनावश्यक खरेदी करणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लावणे होय. जो खर्च कार्ड नसतानाही झाला असता, तोच हिशेबात धरावा.

यासंदर्भात 'पात्र खर्च' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक बँका इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, शासकीय देणी यांवर गुण देत नाहीत किंवा त्यांवर मासिक मर्यादा घालतात. शुल्कमाफीसाठी कोणता खर्च मोजला जातो आणि गुणांसाठी कोणता, याच्या याद्याही वेगवेगळ्या असू शकतात. ज्या कुटुंबाचा मोठा खर्च भाडे व इंधन यांवर होतो, त्याचा पात्र खर्च एकूण खर्चाच्या निम्माही नसेल.

४. गुण व सुविधा यांचे मूल्यमापन

गुणांची संख्या ही किंमत नव्हे. एका बँकेचा एक गुण एक रुपयाचा, तर दुसरीचा पंचवीस पैशांचा असू शकतो. त्याच बँकेत विमान वा हॉटेलच्या आरक्षणासाठी वापरलेल्या गुणाचे मूल्य अधिक आणि देयकात वळते केलेल्या गुणाचे मूल्य बरेच कमी असणे, ही नित्याची गोष्ट आहे. सर्वोच्च श्रेणीच्या कार्डांचे आकर्षक दर बहुधा प्रवासाच्या आरक्षणावर बेतलेले असतात. जे कुटुंब वर्षातून एकदा रेल्वेने गावी जाते, त्याच्या दृष्टीने तो दर कागदावरच राहतो.

हीच कसोटी लाऊंजसारख्या सुविधांना लावावी. सुविधेची किंमत म्हणजे तिच्या पत्रकावरील दर नव्हे. कार्ड नसते तर ग्राहकाने स्वतःच्या पैशाने जे खरेदी केले असते, तेवढेच तिचे मूल्य. विमानतळावर पदरचे पैसे देऊन जो लाऊंजमध्ये कधीच गेला नसता, त्याच्यासाठी ती सुखद सोय असली तरी बचत नव्हे. शिवाय २०२३ नंतर अनेक बँकांनी लाऊंजचा प्रवेश मागील तिमाहीतील खर्चाशी जोडला आहे.

परकीय चलनावरील अधिभाराची बाब वेगळी आहे, कारण तेथे बचत प्रत्यक्ष असते. सामान्य कार्डांवर हा अधिभार सुमारे ३.५ टक्के असतो, तर अनेक उच्च श्रेणीच्या कार्डांवर तो २ टक्क्यांच्या आसपास असतो. परदेशी शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या महाराष्ट्रातील पालकांची संख्या आज लहान नाही. अशा प्रवासात कार्डाने २ लाख रुपयांचा खर्च झाला तर १.५ टक्क्यांच्या फरकाने ३,००० रुपये व त्यावरील करासह ३,५४० रुपये वाचतात. वर उल्लेखिलेल्या 'ब' कार्डाच्या संपूर्ण वार्षिक शुल्काएवढी ही रक्कम आहे. मात्र परदेशातील दुकानात 'रुपयांत रक्कम आकारावी का?' असे विचारले जाते तेव्हा नकार देऊन स्थानिक चलनच निवडावे. रुपयांतील रूपांतराचा दर सहसा ग्राहकाला महाग पडतो.

याउलट तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ग्राहकाची गरज अगदी निराळी असू शकते. किराणा दुकान, औषधांचे दुकान, भाजी मंडई येथे कार्डाचे यंत्र नसले तरी क्यूआर संकेत असतो. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्यास अनुमती दिली. त्यामुळे साध्या श्रेणीचे रूपे कार्ड तेथे रोज उपयोगी पडू शकते, तर भारी किमतीचे धातूचे कार्ड पाकिटातच राहते.

५. व्याज : सर्व हिशेब पुसणारा घटक

आतापर्यंतचे संपूर्ण विवेचन एका गृहीतावर उभे आहे, ते म्हणजे ग्राहक दर महिन्याचे पूर्ण देयक मुदतीत भरतो. हे गृहीत कोसळले की श्रेणीच्या निवडीला काही अर्थ उरत नाही.

समजा, मासिक ४०,००० रुपये खर्च करणाऱ्या ग्राहकाने एका महिन्यात केवळ ५ टक्के किमान रक्कम, म्हणजे २,००० रुपये भरले. उर्वरित ३८,००० रुपयांवर मासिक ३.५ टक्के दराने १,३३० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के कर मिळून सुमारे १,५६९ रुपये होतात. ही थकबाकी चार महिने रेंगाळली तर ६,२७६ रुपये गेले. 'ब' कार्डाने त्याला वर्षभरात मिळवून दिलेले ६,२४० रुपये तेथेच संपले. प्रत्यक्षातील हानी याहून मोठी असते. थकबाकी असताना बिनव्याजी मुदत नाहीशी होते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होते. 'किमान देय रक्कम' भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

या दराला कायद्याने कमाल मर्यादा आहे, असा समज बाळगू नये. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. मासिक ३.५ टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वार्षिक ४२ टक्के होतात. कोणत्याही श्रेणीचे गुण एवढ्या व्याजाची भरपाई करू शकत नाहीत. ज्यांना थकबाकी ठेवावी लागते त्यांनी श्रेणी वाढविण्याचा विचार बाजूस ठेवून प्रथम स्वस्त दराचे वैयक्तिक कर्ज काढून ही बाकी मिटवावी, हेच श्रेयस्कर होय.

६. बदलत्या अटी आणि ग्राहकाचे हक्क

कार्डाचे लाभ हा कायमस्वरूपी करार नव्हे. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस या कार्डाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मासिक १ लाख रुपयांच्या खर्चावर मिळणारे २५,००० गुण हे या कार्डाचे मोठे आकर्षण होते. १ सप्टेंबर २०२३ पासून बँकेने ते बंद केले, वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० रुपये केले आणि शुल्कमाफीची मर्यादा १५ लाखांवरून २५ लाखांवर नेली. ज्यांनी जुन्या अटींवर दीर्घकालीन नियोजन केले होते, त्यांचा हिशेब एका परिपत्रकाने बदलला. यातून दोन धडे मिळतात. गुणांची ठेव करू नये, ते वेळच्या वेळी वापरावेत. तसेच शुल्क लागण्यापूर्वी दरवर्षी कार्डाचा फेरविचार करावा.

असा फेरविचार करणाऱ्या ग्राहकाच्या पाठीशी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार स्पष्ट संमतीशिवाय नवे कार्ड देणे वा असलेल्या कार्डाची श्रेणी वाढविणे निषिद्ध ठरले. तसे करून शुल्क आकारल्यास ते परत करण्याबरोबरच त्याच्या दुप्पट दंड देण्याची तरतूद झाली. शुल्कातील बदलाची किमान एक महिना आधी सूचना देणे बंधनकारक झाले. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही न केल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये देण्याचे बंधन आले. मार्च २०२४ मध्ये मोठ्या कार्डदात्यांनी ग्राहकास नेटवर्क निवडण्याची मुभा द्यावी, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले. 'मोफत श्रेणीवाढ' देऊ करणाऱ्या दूरध्वनीला घाईने 'हो' म्हणू नये, कारण तो होकारच संमती ठरू शकतो. पहिल्या वर्षी मोफत असलेले कार्ड दुसऱ्या वर्षी सशुल्क होत नाही ना, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

कार्ड बंद करतानाही थोडे तारतम्य हवे. सर्वांत जुने कार्ड बंद केल्यास एकूण पतमर्यादा घटते आणि तेवढ्याच खर्चाचे पतमर्यादेशी असलेले प्रमाण वाढते. याचा पतगुणांकावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो. गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असताना शुल्क नसलेले जुने कार्ड चालू ठेवणे इष्ट ठरते.

७. निवडीची पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

(१) गेल्या बारा महिन्यांची देयके समोर घेऊन पूर्ण रक्कम किती वेळा भरली ते पाहावे. एकदाही थकबाकी राहिली असल्यास श्रेणीवाढीचा विचार तूर्त थांबवावा.
(२) एकूण खर्चातून भाडे, इंधन इत्यादी अपात्र खर्च वगळून पात्र खर्च काढावा.
(३) ज्या कार्डाच्या शुल्कमाफीची मर्यादा हा खर्च सहज ओलांडतो, तीच आपली सर्वोच्च योग्य श्रेणी समजावी. लग्नकार्य वा घरदुरुस्तीच्या वर्षाचा अपवादात्मक खर्च प्रमाण मानू नये.
(४) गुणांचे मूल्य आपण ज्या मार्गाने ते प्रत्यक्ष वापरणार त्या मार्गाच्या दराने धरावे.
(५) सुविधांपैकी आपण एरवी पैसे देऊन घेतल्या असत्या तेवढ्याच जमेस धराव्यात.
(६) हा हिशेब दरवर्षी शुल्क लागण्याच्या एक महिना आधी पुन्हा करावा.

समारोप

क्रेडिट कार्डाच्या श्रेणींची रचना ग्राहकाच्या मनातील वर चढण्याच्या इच्छेवर उभी आहे. सोने, प्लॅटिनम आणि काळा रंग ही त्या इच्छेची चिन्हे होत. यात गैर काही नाही, मात्र त्या चिन्हाची किंमत कोण मोजतो हे ज्ञात असले पाहिजे. ज्या कुटुंबाचा स्वाभाविक खर्च मोठा आहे, जे वारंवार प्रवास करते आणि देयक पूर्ण भरते, त्याने सर्वोच्च श्रेणीचे कार्ड नाकारणे म्हणजे आपल्याच खर्चावरील लाभ सोडून देणे होय. ज्याचा खर्च बेताचा आहे, त्याने साध्या कार्डात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्याच्या हिशेबात तेच कार्ड उच्च श्रेणीचे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही आपली जुनी शिकवण येथेही लागू पडते. येथे अंथरूण म्हणजे बँकेने दिलेली पतमर्यादा नव्हे. महिनाअखेरीस स्वतःच्या खात्यातून निःशंकपणे फेडता येईल तेवढीच रक्कम आपले अंथरूण समजावी.